दोन डिजिटलवर एकच मुलगी

वीस नोव्हेंबर. सकाळपासून दुकानात खाली बसून डिजिटलच्या कडांना दोरी ओवायच्या रिंगा ठोकत होते. फ्लेक्सच्या बॅनरला कोल्हापुरात डिजिटल म्हणतात आणि ते छापणं हा माझा धंदा आहे. समोरचा डिजिटल दुसऱ्या दिवशीच्या मोर्चाचा होता. 'भरती कधी?' एवढेच शब्द आणि खाली मूठ उगारून ओरडणारी एक मुलगी. मुलगी माझीच.

या धंद्यात तरुण कायम लागतात. सत्तेतल्यांना लागतात, विरोधकांना लागतात, मोर्चेवाल्यांना तर लागतातच. प्रचारातला तरुण वर बघतो, कारण वर साहेबांचं डोकं असतं. मोर्चातला तरुण समोर बघून ओरडतो. पूर्वी आम्ही असे तरुण इंटरनेटवरून उचलायचो. मग एकदा 'गावचा युवक, गावची शान' या मजकुराशेजारी निळ्या डोळ्यांचा मुलगा छापून गेला. गावातल्या बायका आठवडाभर विचारत होत्या, "ह्यो कुणाचा जावई म्हणायचा?" तेव्हापासून मी घरचाच माल वापरते.

लेकीचा हा फोटो मे महिन्यातला. गच्चीवर सांडगे वाळत घातले होते, त्यावर माकड आलं. ती केस मोकळे सोडून, मूठ उगारून त्याच्या अंगावर धावली. मी मदतीला जायचं सोडून फोटो काढला. माकड कापून टाकल्यावर अशी काही क्रांतिकारक दिसायला लागली की वाया घालवणं जिवावर आलं.

निवडणूक लागली तसा आधी उमेदवाराचा माणूस आला. "काकू, युवाशक्ती पायजे. पण चिडल्याली नको."

मी तिच्या मामाच्या लग्नातल्या फोटोतलं हसू आणून तोंडावर बसवलं. चार दिवसांनी मोर्चासाठी अभ्यासिकेतली मुलं आली. "काकू, तरुण पायजे. पण हसरा नको." त्यांना मूळचं तोंड दिलं. माप जुळवलं, रंग जुळवले. मुलगी एकच आहे हे डोक्यातच आलं नाही. आणि अभ्यासिका तीच, जिथं माझी लेक तीन वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, हे माहीत असून आलं नाही.

अकरा वाजता ती दारात उभी राहिली.

"आई, मी साहेबांचा प्रचार कधीपासून करायला लागले?"

"काय झालं?"

"चौकात उभी हाय मी त्यांच्या शेजारी. आणि ते दात कुणाचे?"

"तुझेच. मामाच्या लग्नातले."

मग तिला माझ्या पुढ्यातला डिजिटल दिसला. "म्हणजे तिकडं मी खूश आणि इकडं मी बेकार. बरं हाय."

चौकातला डिजिटल बघून अभ्यासिकेत तिला सकाळीच सांगितलं होतं, उद्या तू येऊ नकोस. तीन वर्षं एका टेबलावर बसलेल्या मैत्रिणी तिला बघून पुस्तक उघडत होत्या.

"मी सांगते त्यांना, चूक माझी आहे," मी म्हणाले.

"सांगच. मला जायचंय मोर्चाला. भरती माझी रखडलीय, फोटोची न्हाई. आणि दोन्हीकडची मी काढ. साहेबांनी विचारलं न्हाई, पोरांनी विचारलं न्हाई, तू तर एका घरात राहून विचारलं न्हाईस."

मी हातातली रिंग खाली ठेवली. फोन उचलला.

उमेदवाराचा माणूस हळहळला. "आवो काकू, साहेबांना लई आवडली पोरगी. म्हणाले, चेहऱ्यावर विश्वास दिसतोय."

"विश्वास नव्हे तो. पंगतीत जिलेबी वाढत होते तेव्हाचा फोटो आहे."

"मग तिच्या जागी कोण घालायचं?"

"तुमच्यात तरुण नाही का कुणी?"

"हाईत की. युवक अध्यक्षच हाईत. पण त्यास्नी नातू झालाय."

"पाठवा फोटो."

अध्यक्षांच्या मिशा काळ्या केल्या, पोट कापलं, पाच ठिकाणी डिजिटल लागले होते म्हणून पाच तुकडे छापले आणि दुपारी लेकीला घेऊन निघाले. शिडी प्रत्येक ठिकाणी आसपासच्या दुकानातून मागून घेतली. ती खालून शिडी धरायची, मी वर तिच्याच चेहऱ्यावर अध्यक्ष चिकटवायचे. गडमुडशिंगीच्या वाटेवर मोटारसायकलवरून दुधाचे कॅन नेणारे एक काका थांबले.

"पावणं, हितं एक पोरगी हुती की. कुठं गेली?"

"अभ्यासाला," लेक शिडी न सोडता म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदा नीट बोलली.

तिथून थेट अभ्यासिकेत. मी मोबाइलवर मूळ फोटो दाखवला, माकडासकट. चार-पाच डोकी वाकली आणि हसायला लागली. मोर्चाची जुळवाजुळव करणारी मुलगी मात्र हसली नाही.

"काकू, म्हणजे दोन्हीकडचं तुम्हीच छापता?"

"मग? एकाच बाजूचं छापून दुकान चालतं होय? छापते मी. हिला काही माहीत नव्हतं. तुम्हालाही हिला विचारावंसं वाटलं नाही."

"आमाला काय म्हाईत ही हाय. माकडाशी भांडताना वळख लागंना हिची," एकजण म्हणाला.

"मग आता आमच्या डिजिटलवर कोण?" दुसऱ्याने विचारलं.

"तुमच्यातलं कुणीतरी," लेक म्हणाली.

खोलीत वीसेक तरुण होते. एकाने घरी नोकरी लागली म्हणून सांगितलेलं. एकीला रविवारी बघायला येणार होते. एकाचे वडील उमेदवाराच्याच गाडीवर ड्रायव्हर. तिसऱ्या बाकावरचा म्हणाला, "माझा चालंल, पण मागनं काढा." शेवटी जुळवाजुळव करणारी मुलगीच वैतागली. "ऱ्हाऊ दे. नुसती अक्षरं मोठी करा, काकू." मग माझ्या लेकीकडे न बघता म्हणाली, "नऊला ये. घोषणा द्यायला आवाज पायजे. फोटोत बरा वाटतोय तुझा."

घरी येताना मी माफी वगैरे मागितली नाही, आमच्यात तशी पद्धत नाही. दुकानात जाऊन अक्षरं मोठी केली, नवा डिजिटल छापला, रिंगा ठोकल्या. रिंगा तिने ठोकल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला ती डिजिटलची गुंडाळी खांद्यावर टाकून गेली. मी दुकान उघडलं आणि दारावर कागद चिकटवला : 'डिजिटलवरचे तरुण ज्याचे त्याने आणावेत. विचारून आणावेत.'