सोनबांच्या हातची रेघ

सोनबांच्या शेजारच्या टेबलावर भीमरावांनी एकवीस वर्षं काढली; पण सोनबा कोण, असं कुणी विचारलं असतं तर त्यांना धड दोन वाक्यं सांगता आली नसती. कसबा पेठेत राहतात, सकाळी साडेआठला हवामान कचेरीच्या आवारातला पाऊस मोजतात आणि डब्यात कारल्याची भाजी आणतात, एवढीच काय ती ओळख.

दोघंही निवृत्त झाल्यावर, २००४ साली, भीमरावांची मुलगी मैत्री हडपसरच्या एका कंपनीत लागली. दिवसभराचा पाऊस सांगितला की तो कोणत्या तासाला किती पडला असेल, हे ओळखायला ती न्यूरल नेटवर्कला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकाच्या प्रोग्रॅमला, शिकवत होती. त्यावरून नाल्यांचे पाइप ठरणार होते. शिकवायला त्याच कचेरीतले जुने तक्ते होते; पाऊस नोंदवणाऱ्या यंत्राचं पेन त्या कागदांवर दिवसभर रेघ ओढत असे.

"बाबा, संगणक प्रत्येक पाऊस संथच पाडतोय. पाइप अरुंद झाले तर पाणी लोकांच्या घरात शिरेल."

भीमरावांनी तक्ते चाळले. जोराची सर आली की यंत्राचं पेन उभं चढतं, उघडीप पडली की आडवं जातं. काही कागदांवर मात्र रेघ दिवसभर एकाच चालीनं चढत गेली होती. ती माणसाच्या हातची होती, आणि तक्ते सोनबांकडेच असत. सांगावं तर त्यांचं नाव जाणार. गप्प बसावं तर पाणी घरात. तीन दिवस भीमरावांना अन्न गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी ते तक्ते घेऊन कसब्यात गेले.

"निवृत्त झाल्यावरही तपासणी वाटतं?" सोनबा हसले. मग त्यांनी कागद एकेक करून पाहिले.

"पेनातली शाई वाळायची," ते म्हणाले. "कोरा कागद दिसला की साहेब चारचौघांत झापायचे. एकूण पाऊस भांड्यात मोजून खराच लिहिला, भीमराव. वेळ तेवढी माझ्या मनची."

"मैत्रीला काय सांगू?"

"माझं नाव सांगा."

त्यांनी लाल पेन्सिल घेऊन स्वतःच्या प्रत्येक कागदावर फुली मारली, खाली सही केली. त्रेचाळीस कागद. शेजारी बसून भीमरावांना एकाचाही पत्ता नव्हता.

ते कागद वगळून मैत्रीनं संगणकाला पुन्हा शिकवलं. पाइप रुंद ठरले. फुल्या मारलेले कागद परत गेले तेव्हा जुन्या कचेरीत मात्र सोनबांच्या नावानं चार जण हसले, आणि भीमरावांना पुन्हा कसब्यात जायचा धीर झाला नाही. दिवाळीआधीच सोनबा गेले.

कागदांवर फुल्या मारल्या त्या दिवशी भीमराव निघताना दोघांत शेवटचं बोलणं झालं ते एवढंच:

"जिना जपून उतरा. तिसरी पायरी हलते."

"सुताराला सांगा की."

"सांगितलंय. येतो म्हणालाय."