दोन अफुआंची एक नोंद

मॅडम पोकुआ घानातल्या आमच्या कुमासीच्या आरोग्य कार्यालयात एकोणीस वर्षं संगणकावर होत्या. डेटाबेस कुठल्याही कंपनीचा असो, त्यात टेबलं किती, कुठलं कशाशी बांधलेलं, प्रत्येकाची प्रायमरी की, म्हणजे एक नोंद दुसरीपासून वेगळी ओळखायची खूण, कोणती, हे त्या त्याच्याच पोटातून काढत. एक सरळ उत्तर द्यायचा, दुसऱ्याला आडून विचारावं लागायचं. बाईंना सगळ्यांच्या खोडी पाठ.

दोन दवाखान्यांच्या लसींच्या नोंदी एकत्र करायचं ठरलं, तेव्हा टेबलांची आणि त्यांच्या कींची यादी त्यांनीच केली. दोन्हीकडे की एकच निघाली: नाव, आडनाव, जन्मतारीख. आमचे आन्साह साहेब खूश. बाई मात्र कागद घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

"साहेब, ह्या कीवर नोंदी जोडू नका. पोरं एकमेकांत मिसळतील."

"का? नाव आहे, आडनाव आहे, तारीख आहे. आता काय तान्ह्यांचे अंगठे घेऊ?"

"आपल्यात नाव वारावरून पडतं. एका शुक्रवारी जन्मलेल्या सगळ्या पोरी अफुआच. आणि ओवुसू तर गल्लोगल्ली. तुम्ही स्वतः शुक्रवारचे कोफी, तुम्हाला मी सांगायचं?"

"मॅडम, सोमवारी अक्राला मंत्रालयात दाखवायचंय. तुमचा शुक्रवार तिथं नको."

बाईंनी तेच लिहून अहवालाला पान जोडलं आणि अहवाल माझ्या, त्यांच्या मदतनिसाच्या, हातात दिला. साहेबांनी ते काढायला सांगितलं, मी काढलं. मला बढती हवी होती, दुसरं कारण नाही.

तीन महिन्यांनी एक टोमॅटोवाली लेकीला गोवराच्या लसीसाठी घेऊन आली. कार्ड हरवलेलं. नर्सनं पडद्यावर पाहिलं: अफुआ ओवुसू, जन्मतारीख तीच, लस दिली. दिली होती ती दुसऱ्या दवाखान्यातल्या अफुआला.

"अगं, टोचलंय की हिला! आई असून विसरतेस कशी?"

ती भांडली, पण पडद्यापुढे तिचं कोण ऐकणार? पुढच्या साथीत पोर गेली.

चौकशीत अहवालावर नाव निघालं पोकुआबाईंचं.

"मी लिहून दिलं होतं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "सांग ना रे क्वाबेना, पान तुझ्याच हातात दिलं होतं."

"मॅडम, मला नाही आठवत," मी म्हणालो. साहेब खिडकीबाहेर बघत होते.

बाईंना काढून टाकलं. त्यांची जागा मला मिळाली. नोंदी अजून त्याच कीवर जोडलेल्या आहेत. बदलायच्या तर का बदलल्या, ते लिहावं लागेल, आणि खाली सही माझी.