शेऱ्याचा रकाना

“शेरा कोण वाचतं हो? या वेळी तो रकाना काढूनच टाका.”

मीटिंगच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि आमचे संचालक आत कुणाला तरी हे सांगत होते. मी बाहेरच्या बाकावर बसले होते. मांडीवर काकांच्या फॉर्मांचा गठ्ठा होता, त्यांचा शेवटचा फॉर्म सगळ्यात वर.

काका आमच्या संस्थेचे सर्वेक्षक. नात्याने माझे कुणी नव्हते. पण या शहरातल्या कलावंतांची फुप्फुसं, गुडघे आणि दात यांची एवढी माहिती असलेला दुसरा माणूस एखाद्या मोठ्या दवाखान्यातही सापडणार नाही, हे मी खात्रीने सांगते. ते त्यांचं काम मात्र नव्हतं. औरंगपुऱ्यात, वह्यांच्या दुकानाच्या वर, आमची संस्था आहे. सर्जनशील उद्योगांमुळे, म्हणजे विणकाम, मूर्तिकाम, गाणंबजावणं अशा धंद्यांमुळे, अर्थव्यवस्थेत किती भर पडते ते आम्ही मोजतो. काकांनी घरोघर जाऊन फॉर्म भरायचे, मी ते संगणकात चढवायचे. घोटाळा ‘सर्जनशील’ या शब्दाने केला. वेरूळला दगडाचे हत्ती घडवणाऱ्या एका म्हाताऱ्याला काकांनी फॉर्मचं पहिलं वाक्य वाचून दाखवलं. त्याला त्यातलं फक्त ‘सर्जन’ ऐकू आलं. तो उठून आत गेला आणि छातीच्या एक्स-रेचं पाकीट घेऊन आला. “लई दिवसांनी आलात डाक्टरसाहेब,” म्हणाला. दुसरा कुणी असता तर त्याने गैरसमज दूर केला असता. काकांनी एक्स-रे उन्हात धरला, बराच वेळ पाहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : ‘हत्ती बाहेर गेले, धूळ आत राहिली.’

तेव्हापासून ते प्रत्येकाची तब्येत विचारू लागले. शेऱ्याचा रकाना दोन बोटांचा. काकांचं अक्षर त्यातून बाहेर पडायचं, समासातून वर चढायचं, मागच्या पानावर उतरायचं, आणि तिथंही जागा संपली की टाचणीने एक बसचं तिकीट लावलेलं असायचं. एका विणकराबद्दल लिहिलं होतं : ‘नक्षी बोटांनी मोजतो. डोळे गेले हे गिऱ्हाइकाला सांगितलेलं नाही, आपणही सांगू नये.’ एका बॅंडवाल्याबद्दल : ‘पुढचे दोन दात पडले. ट्रंपेट आता जावई वाजवतो. त्याचे सगळे दात शाबूत असून उपयोग नाही.’ संचालक एकदा वैतागून म्हणाले, “काका, आपण अर्थशास्त्र करतो.” काका म्हणाले, “व्हय साहेब. म्हणून तर खर्च लिहितो.”

मी इंग्रजी शाळेतली. मराठी आकड्यांना आणि अनोळखी माणसांना मी सारखीच घाबरते. मला फील्डवर न्यायचं ठरलं तेव्हा काकांनी खालच्या चहाच्या टपरीवर माझी तालीम घेतली. ते कलावंत व्हायचे, मी प्रश्न विचारायचे. “वय?” “एकोणसाठ.” मी लिहिलं ६९. काकांनी फॉर्म उलटा करून पाहिला. “ताई, एका कपात दहा वर्षं म्हातारं केलं तुमी!” मग एका खराब झालेल्या फॉर्मच्या मागे त्यांनी मला एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे ‘एकोण’ लिहून दिले. तो कागद अजून माझ्या कीबोर्डखाली आहे. माझा आवाज फारच बारीक निघाला की ते ओरडायचे, “ताई, आवाज! मी ठार बहिरा ढोलकीवाला हाय!” आणि सगळी टपरी वळून माझ्याकडे बघायची.

ते सगळ्यांची सोंगं आणायचे, स्वतःचं कधी नाही. ते क्लॅरिनेट वाजवत होते हे मला एका बॅंडमास्तरांकडून कळलं. काकांकडे बोट दाखवून ते म्हणाले, “मला काय इचारता? ह्यांना इचारा! ह्यांनी बिदाईचं गाणं वाजवलं की नवरीचं सोडा, आचारी रडायचा!” वरातींत डीजे आला आणि क्लॅरिनेट माळ्यावर गेलं. मी काकांना म्हटलं, तुमचाही फॉर्म भरू. “नाय ताई. आमी मोजणारे.”

गेल्या हिवाळ्यात त्यांचा खोकला थांबेना. एके दिवशी त्यांनी स्वतःचा एक्स-रे ऑफिसच्या खिडकीशी धरला, त्यातल्या पांढऱ्या डागांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “भाडेकरू लई झाले ह्या घरात.” कुणीच हसलं नाही. त्यांनाच आमची समजूत काढावी लागली.

दवाखान्यात मी भेटायला गेले तेव्हा नाकाला ऑक्सिजनची नळी होती. “आणलाय का फॉर्म?” म्हणाले. मला वाटलं, पुन्हा तालीम. मी विचारत गेले, ते उत्तरं देत गेले, आणि चौथ्या प्रश्नाला माझ्या लक्षात आलं की या वेळी सोंग नाही. व्यवसाय चालू की बंद, या प्रश्नाला दोनच चौकोन आहेत. मी पेन धरून थांबले. “खुणेत नाय मावायचं,” ते म्हणाले. “शेऱ्यात लिवा.” आणि दम घेत घेत त्यांनी एक ओळ सांगितली. चादरीवर त्यांची बोटं क्लॅरिनेटची भोकं उघडमीट करावीत तशी हलत होती.

ते गेले त्याला आज तेरा दिवस झाले.

मला आत बोलावलं. रकाना काढायचं जवळपास ठरलंच होतं. “कुणाला काही म्हणायचंय?” संचालक दर वेळी विचारतात, आणि दर वेळी मी नकारार्थी मान हलवते. या वेळी खालच्या टपरीवर कुणीतरी मोठ्याने ओरडलं, कशासाठी ते कळलं नाही. मी उभी राहिले. वरचा फॉर्म घेतला आणि ठार बहिऱ्या ढोलकीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचला :

“वय एकोणसाठ. व्यवसाय क्लॅरिनेट. शेरा : दम संपला, बोटं चालू आहेत.”