आबांचे बांधलेले हात

"डिलिरियम," डॉक्टर म्हणाले. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझे वडील, आबा, दौंडच्या एका खाजगी दवाखान्यात होते आणि त्यांचे दोन्ही हात कॉटच्या लोखंडी दांड्यांना बांधलेले होते. बांधल्याला तिसरा दिवस होता.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डिलिरियम म्हणजे वेड नव्हे. म्हातारपणी मोठं ऑपरेशन झालं, अंगात इन्फेक्शन असलं, रक्तातलं मीठ कमी झालं की मेंदू काही दिवस गोंधळतो. आपण कुठे आहोत, समोर कोण आहे, दिवस कोणता, हे कळत नाही. नसलेलं दिसतं. कारण सापडलं की बहुतेक जण यातून बाहेर येतात.

मी विचारलं, "मग हात कधी सोडायचे?"

फाईलमध्ये बघत ते म्हणाले, "शांत झाले की सोडू."

बांधलेला माणूस शांत कसा होणार, हे मी तेव्हा विचारलं नाही. मान हलवली आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसले. ज्यांच्या घरचं म्हातारं माणूस उद्या असं गोंधळेल, त्यांनी तरी विचारावं, म्हणून हे लिहिते आहे.

आबा न्हावऱ्याचे. तरुणपणी त्यांनी मेंढरं राखली. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरायचे, पावसाच्या आधी परतायचे. पुढे शेताला पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली आणि आम्ही शेतकरी झालो. पण आबांची चालायची सवय सुटली नाही. पंच्याहत्तरी उलटली तरी रोज सकाळी पार कारखान्याच्या रस्त्यापर्यंत जाऊन यायचे. हातात टकळी. चालता चालता लोकर कातायचे. एका जागी बसून सूत काढताना मी त्यांना कधी बघितलं नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी दादा आणि वहिनी. दादा रांजणगावला कंपनीत, शिफ्टची नोकरी. मला खुटबावला दिलेली, तिथेच मी अंगणवाडी सेविका. ही दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट.

एका सकाळी आबा गोठ्यातल्या ओल्या कोब्यावर घसरले. खुब्यात मोडलं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "नेक ऑफ फीमर फ्रॅक्चर." म्हणजे मांडीचं हाड खुब्याला जिथे जोडलेलं असतं, तिथली त्याची मान मोडली होती. सोमवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. दोन दिवसांत उभे करू, असं सांगितलं.

आयसीयूत नातेवाइकांना सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. बाकी वेळ बाहेर. चप्पल बाहेर, पिशवी बाहेर. आबांचा जाड भिंगांचा चष्मा त्या पिशवीत होता. ऑपरेशनच्या आधी काढून माझ्याकडे दिला होता. त्यांना चष्म्याशिवाय समोरचं माणूस म्हणजे नुसता पांढरा आकार दिसतो, हे मला माहीत होतं. पण तो परत द्यावा हे मला सुचलं नाही आणि कुणी मागितलाही नाही.

मंगळवारी संध्याकाळी आत गेले तर आबा कोपरावर जोर देऊन उठायच्या बेतात होते.

"शालन, मेंढरं पल्याड राहिली. पाणी वाढाया लागलंय. मला उठू दे."

"आबा, मेंढरं न्हाईत आता. तुम्ही दवाखान्यात हाय. पाय मोडलाय तुमचा."

"न्हाईत कशी? वरडत्यात. ऐकू येईना व्हय तुला?"

त्यांनी सलाईनची सुई उपसली. हातातून रक्त आलं. मग लघवीची नळी ओढायला लागले. सिस्टर धावत आल्या, मागोमाग वॉर्डातले मामा बँडेजचे रोल घेऊन आले. त्यांनी उजवा हात दांड्याला आवळला.

"बाई, दुसरा हात धरा," सिस्टर म्हणाल्या.

मी धरला. आबांनी डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं. आवाजावरून ओळखलं असेल.

"शालन, तू बी?"

मी हात सोडला नाही. गाठ बसेपर्यंत धरून ठेवला.

नंतर एका कागदावर दादाची सही घेतली. पेशंटच्या सुरक्षिततेसाठी, असं त्यावर लिहिलं होतं. त्यांची भाषा रिस्ट्रेंटची. साध्या भाषेत बांधून ठेवणं.

बुधवार, गुरुवार मी बाकड्यावर काढले. जंक्शनवरून गाड्यांच्या शिट्ट्या यायच्या आणि त्या थांबल्या की आतून आबांचा आवाज यायचा. "गाठ सोड रं. आरं, सोड की कुणीतरी." गुरुवारी दुपारी घसा बसला, मग नुसता घोगरा श्वास ऐकू यायला लागला. ते खात नव्हते. चमचा तोंडाजवळ नेला की मान फिरवायचे.

दादा शिफ्ट संपवून कंपनीच्या कपड्यांतच आला. आत गेला आणि दहाऐवजी दोन मिनिटांत बाहेर आला.

"जनावराला बी इतका वेळ दाव्याला ठेवत न्हाई आपण," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आम्ही दोघं शिकलेलो. पण डॉक्टरांना हे म्हणायला दोघांपैकी कुणी गेलं नाही. त्यांना जास्त कळतं, असं वाटलं. शिवाय, आपण बोललो आणि त्याचा राग आबांवर निघाला तर, अशीही भीती होती.

शुक्रवारी सकाळी थोरल्या सिस्टर रजेवरून आल्या. निवृत्तीला आलेल्या, केस पांढरे. त्यांनी फाईल उघडायच्या आधी आबांची बोटं बघितली. सुजून निळसर झाली होती. मग बाहेर येऊन त्या माझ्याशेजारी बाकड्यावर बसल्या. तोवर कुठलीही सिस्टर माझ्याशेजारी बसली नव्हती.

"चष्मा लावतात का? ऐकायला नीट येतं? पोट कधी साफ झालंय? दुखतंय का, असं विचारलंय कुणी?"

मी पिशवीतून चष्मा काढून दिला. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मला ठाऊक नव्हती.

त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. दार अर्धं उघडं होतं.

"सर, सोडते मी त्यांना. मुलीला जवळ बसू द्या."

"नळी ओढली तर?"

"नळीच काढू. आता गरज काय तिची?"

"पडले तर जबाबदार कोण?"

"मी. पण हात बघा एकदा त्यांचे."

मग डॉक्टर म्हणाले, "सोडा. संध्याकाळपर्यंत बघू."

सिस्टरांनी आधी चष्मा घातला. मग म्हणाल्या, "आबा, मी सिस्टर. तुमचे हात सोडतेय. कात्रीचा आवाज येईल." मग बँडेज कापलं. मनगटांवर लाल वळ होते, एका ठिकाणी कातडी गेलेली. आबा पंख्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे. मग माझ्याकडे.

"पाणी," म्हणाले. दोन ग्लास प्याले.

मला स्टूल मिळालं. सिस्टरांनी शिकवलं ते असं. खोटं बोलायचं नाही आणि वादही घालायचा नाही. दर थोड्या वेळाने आपलं नाव, जागा, दिवस सांगायचा. दुखतंय का विचारायचं. खिडकी उघडी ठेवायची. उठायला लागले तर आधी विचारायचं, काय पाहिजे.

दुपारी आबांनी पुन्हा मेंढरांचं काढलं. या वेळी मी विचारलं, "कुठल्या नदीला पाणी आलंय, आबा?"

"घोड." आणि ते सांगायला लागले. कुठून उतार मिळतो, पुढं कुठलं मेंढरू घालायचं. सांगता सांगता झोपले. ऑपरेशननंतरची पहिली झोप.

यात जादू काही नव्हती. दिवेलागणीला पुन्हा चुळबुळ सुरू झाली, मला त्यांनी शिवीही दिली. पण लघवीत इन्फेक्शन निघालं, त्याचं औषध सुरू झालं. सोडियम, म्हणजे रक्तातलं मीठ, हळूहळू वर आणलं. दुखण्याचं औषध वेळेवर मिळायला लागलं. सोमवारी आबा म्हणाले, "न्हावऱ्याला कवा जायाचं?" तेव्हा मी बाहेर जाऊन रडले.

उजवा हात मात्र लोंबत होता. मनगट वर उचलेना. "रिस्ट ड्रॉप," डॉक्टर म्हणाले. दंडातून जाणारी रेडियल नर्व्ह, म्हणजे मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंची नस, तीन दिवस लोखंडी दांड्यावर दाबली गेली होती. बहुतेकदा सुधारते, म्हणाले. व्यायाम सांगितले, हाताला पट्टी दिली. हाताने पुढे भाकरी तोडता यायला लागली. टकळी फिरली नाही. पाय बरा झाला, काठीने चालत, पण त्यांना टकळीशिवाय चालताना मला बघवत नसे.

एकदा अंगणात मी त्या हाताला तेल लावत होते. धीर करून विचारलं, "आबा, त्या दिवशी मी तुमचा हात धरला हुता. आठवतंय?"

"आठवतंय की."

मी तेल चोळत राहिले. थोड्या वेळाने आबाच बोलले. "मेंढरू इकलं का त्याचे पाय बांधून टेंपूत टाकत्यात. मला वाटलं, तुम्ही मला इकलं."

मी पायांवर डोकं ठेवलं. डाव्या हाताने त्यांनी माझे केस सारखे केले. पण जाऊ दे, असं ते म्हणाले नाहीत. "च्या ठेव," म्हणाले.

पुढच्या थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला, म्हणजे फुफ्फुसात इन्फेक्शन होऊन कफ साठला. दादा म्हणाला, दौंडला नेऊ. आबांनी दोन्ही हात गोधडीखाली ओढून घेतले. दादाने पुन्हा विषय काढला नाही. गावातले डॉक्टर घरी येत राहिले. पाचव्या दिवशी दुपारी आबा गेले. दवाखान्यात नेलं असतं तर वाचले असते का, हे आम्हा दोघांना आजही माहीत नाही. आमच्यामुळे त्यांना दवाखान्याची एवढी भीती बसली, एवढं माहीत आहे.

दिवस झाल्यावर मी दौंडला थोरल्या सिस्टरांना भेटायला गेले. त्यांच्यामुळे आबा माणसात आले, माणसांत राहून गेले, हे मला सांगायचं होतं. त्या म्हणाल्या, "मला उशीर झाला, बाई." मग आयसीयूत नेलं. दोन कॉटशेजारी घरची माणसं स्टुलावर बसली होती. डॉक्टर बाहेर आले, मला ओळखलं. म्हणाले, "आम्हाला बांधायलाच शिकवलं होतं. आता आधी कारण शोधतो." त्यांनी माफी मागितली नाही, पण नजरही चुकवली नाही. मला तेवढं पुरलं, असं नाही. पण त्या दोन स्टुलांकडे बघून मी नमस्कार केला.

अंगणवाडीत परतले. आमच्याकडे एक चार वर्षांची मुलगी होती, छकुली. बोलायची नाही, बसायची नाही, दार दिसलं की पळायची. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांचा रस्ता. तिच्या आईनेच नाडी आणून दिली होती. "बांधून ठेवा, बाई." मदतनीस ताई रोज तिचा पाय टेबलाच्या पायाला बांधायच्या. मला त्यात कधी काही वाटलं नव्हतं. त्या सकाळी मी खाली वाकून तिचा घोटा बघितला. वळ होता.

मी नाडी सोडली. ती उठली आणि थेट दाराबाहेर.

"बाई, पळाली बघा!" ताई ओरडल्या.

मी मागे धावले. ती रस्त्याकडे गेलीच नाही. हापशाशी जाऊन थांबली आणि दांड्याकडे बोट दाखवलं. मी हापसलं. पाण्याखाली दोन्ही हात धरून ती हसली. माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच.

तिला फक्त पाण्यात हात घालायचे होते. आम्ही तिला वर्षभर बांधून ठेवलं होतं.