चालीला हो, शब्दांना नाही

पंचायतीच्या रेडिओवर गाणं लागलं की दौलतकाका आवाजाच्या बटणावर हात ठेवून उभे राहत. ढोलकी, सारंगी वाजत असेल तोवर आवाज मोठा. गाणारीनं पदराचा, ओठांचा किंवा मनगटाचा विषय काढला रे काढला की बटण उलटं फिरे. ती ओळ सरली की पुन्हा सुलटं. कडुलिंबाखाली बसलेल्या गावाला गाणं असं गाळून मिळायचं. मी तिथे ग्रामसेवक म्हणून नवाच आलो होतो. पहिल्या संध्याकाळी मला वाटलं, यंत्रच बिघडलंय.

"काका, बॅटरी उतरली वाटतं," मी म्हटलं.

"बॅटरी चांगली हाये भाऊसाहेब. गानं लिहिनाऱ्याची मती फिरली."

मलकापूरपासून कोसभर आत असलेलं हे गाव मेथी आणि वांगी पिकवून जगायचं. काका त्यातलेच एक बागाईतदार. पंचायतीचे पंच, भजनी मंडळाचे म्होरके, आणि सरकारनं गावाला दिलेल्या रेडिओचे स्वयंघोषित राखणदार. बैलालाही शिवी न देणारा शेतकरी मी तेवढा एकच पाहिला. बैलसुद्धा त्यामुळे जरा मिजाशीतच चालायचे.

मला एक कोडं मात्र सुटेना. वाईट शब्द यायच्या आधीच यांचा हात फिरतो कसा? एकदा विचारलंच.

"आयकावं लागते बापा," काका गंभीरपणे म्हणाले. "पापावर पहारा द्याचा तं पाप पाठ पाह्यजे."

आणि पाठ होतंच. मेथी खुडताना काका त्याच गाण्यांच्या चाली गुणगुणत, मान डोलावत, मध्येच खुडायचं विसरत. मी हसलो की म्हणत, "चालीचा काय गुन्हा? चाल बिचारी देवाघरची लेक. या लिहिनाऱ्यायनं तिले असे कपडे नेसवले, त्याले ते काय करीन?"

गाव मात्र त्यांच्या वरताण. काकांनी आवाज बारीक केला की लिंबाखालची सगळी मंडळी नेमकी तेवढीच ओळ एकसुरात म्हणून मोकळी व्हायची. उरलेलं गाणं कुणाला येत नव्हतं. गाळलेलं तेवढं, कान टवकारून ऐकल्यामुळे, सगळ्यांना येत होतं. शाळेतली पोट्टी पाढ्यांत अडखळत, यात नाही. काकांच्या पहाऱ्यानं गावाला हा एवढा एक अभ्यास लावला होता.

शेवटी काका चिडून माझ्याकडे आले. "लिहा, भाऊसाहेब. गान्यातले शब्द गाव नासवून राह्यले. बंदोबस्त व्हावा."

मी म्हटलं, "काका, नका या भानगडीत पडू. सरकारला चाल आणि शब्द वेगळे करता येत नाहीत. ते अख्खी पेटी उचलतात."

"सरकार काय एवढं येडं हाये?"

मी सरकारचा पगार खात होतो. कागद ओढला आणि अर्ज लिहिला.

तालुक्याहून साहेब आले. लिंबाखाली ग्रामसभा भरली. देवळाच्या ओट्यावर बायका बसल्या, त्यांत काकांच्या पत्नी गिरजाकाकूही होत्या. साहेबांनी विचारलं, "कोणते शब्द वाईट आहेत?"

"बायका बसल्या, साहेब. कसं सांगू?"

"पुराव्याशिवाय तक्रार चालत नाही."

काकांनी घसा खाकरला, डोळे मिटले, आणि गडबडले. "सुरुवातीपासून म्हनावं लागते, साहेब. मंधातून येत नाही." मग त्यांनी सुरुवातीपासून म्हटलं. भजनानं तापलेला तो आवाज काय सांगावा. ढोलकीसुद्धा तोंडानंच वाजवली, एक शब्द गाळला नाही. साहेबांची पेन्सिल टेबलावर ठेका धरू लागली. गाणं संपताच मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, आनखी पुरावा हाये. काका, तो मनगटाचा म्हना." काकांनी तोही दिला. दिवेलागण झाली तरी पुरावे चालूच होते.

साहेब उठले. "तक्रार खरी आहे. शब्द वाईटच आहेत. रोहिणखेडकडच्या एका गावाची मागणी आहे, तुमचा रेडिओ तिकडे देतो."

काकांचा चेहरा उतरला. "साहेब, तक्रार शब्दाची होती. चालीची नाही."

"दोन्ही एकाच पेटीतून येतात, काका. शब्द चांगले आहेत असं सभेपुढे म्हणा, रेडिओ इथेच राहील."

सगळं गाव काकांच्या तोंडाकडे बघत होतं. कुणी हात जोडले, कुणी डोळ्यांनी खुणावलं. मीही मनात म्हणत होतो, म्हणा हो काका, एक खोटं देव पोटात घालील. ज्या सुरांवाचून या माणसाला मेथी खुडवत नव्हती, ते सूर एका वाक्यावर अडले होते. काकांनी खांद्यावरच्या उपरण्यानं तोंड पुसलं.

"शब्द वाईट हायेत," ते म्हणाले.

जीप रेडिओ घेऊन गेली. मला त्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर त्याहून जास्त कौतुक वाटलं.

दुसऱ्या संध्याकाळी सवयीनं सगळे लिंबाखाली जमले. ऐकायला काही नाही आणि काकांशी बोलायला कुणी तयार नाही. काका एका कडेला खाली मान घालून बसलेले. तेवढ्यात ओट्यावरून गिरजाकाकू म्हणाल्या, "अवो, काल म्हनलं ते म्हना ना."

"कोनतं?"

"मनगटाचं." काकू पदर सावरत, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. "सारा संसार झाला, माह्या मनगटाचं नाव कधी तुमच्या तोंडून निंगालं नाही. साहेबासमोर बरं निंगालं."

बायका खुदखुदल्या. पुरुष खाली बघू लागले. मग काकांनी हलकेच सुरुवात केली, ढोलकीसकट. ती ओळ जवळ आली तसं गावानं सवयीनं तोंड उघडलं. काकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि ती ओळ काकूंकडे बघून एकट्यानं म्हटली.