धावड्याचा कोळसा

ते दिवस आठवले की मले आधी पाणी ऐकू येते. थेंब, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा थेंब. अजूनही झोप लागता लागता ऐकू येते.

छप्पनच्या साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला, तेव्हा मायनं एकच हट्ट धरला, की गावच्या विहिरीवर आता जायचं नाही. तिथं घागर ठेवून मान खाली घालून उभं राहायचं. वरून कोणी ओतलं तर मिळायचं. तहान लागली तर ओंजळीत धार. म्हणून वस्तीनं आपली विहीर खोदली, अन् नशीब पाहा, पाणी लागलं ते लोखंडाचं! घडीभरात तांबूस व्हायचं, चहा काळा, डाळ शिजता शिजेना. गाव हसलं. माय म्हणे, मरीन, पण तिकडं जाणार नाही.

बाप दिग्रसच्या कापसाच्या जिनात कामाले होता. तिथं त्यानं तीन मडक्यांची उतरंड पाहिली होती. वरच्यात विहिरीचं पाणी, मधल्यात रेती अन् कोळसा, खालच्यात प्यायचं. कोळसा लोखंड धरून ठेवते, असं तो सांगे. पण आमच्या घरी जळण म्हणजे पऱ्हाट्या, कापसाच्या वाळल्या काड्या. त्यांच्या कोळशाचा भुगा झाला अन् खाली काळं पाणी आलं. दुसऱ्यांदाही तेच. माय मडक्यापाशी बसून रडली. मीही रडली, खोटं कायले बोलू.

आज्याजवळ धावड्याच्या टणक लाकडाची काठी होती, घुंगरं लावलेली. ती घेऊन तो जन्मभर गावची राखण करत फिरला होता. धम्म घेतल्यावर वस्तीनं ते काम सोडलं, तरी काठी त्याच्या उशाशीच. बाप ती गुलामीची काठी जाळा म्हणाला की आज्या ती उचलून बाहेर जाऊन बसे.

माय रडली त्याच्या दुसऱ्या सकाळी आज्यानं स्वतःच घुंगरं सोडली, काठीचे तुकडे केले, खड्ड्यात पेटवले अन् वर माती लोटली. कोळसा थोडाच निघाला, पण असा टणक की वाजवला तर खणखण वाजे. तो मधल्या मडक्यात रेतीसोबत भरला.

दुपारभर आम्ही गुंगी आल्यासारखे उतरंडीपुढं बसून होतो. छपरातून उन्हाचा कवडसा खालच्या मडक्यात पडला, अन् तळ दिसला.

आज्यानं गडवा भरला अन् मायले हाक मारली. माय आली, मान खाली घातली अन् त्याच्यापुढं ओंजळ धरून उभी राहिली. सवयच ती. आज्याचे डोळे भरले. त्यानं गडवा तिच्या हातात दिला.

"तुह्या हातानं पी, पोरी."

मायनं दोन्ही हातांनी गडवा धरला. मग खाली बसली अन् सगळा गडवा पिऊन टाकला.