देव्हाऱ्यातली अँटिबॉडी

आमच्या घरात कुठलीही नवी वस्तू आधी देव्हाऱ्याला भेटते, मग माणसांना. मिक्सर, स्कूटी, माझा लॅपटॉप, एकदा तर शेतातला फवारणीचा पंप. सगळ्यांनी माझ्या सासूबाईंकडून हळदकुंकू लावून घेतलेलं आहे. हे पक्कं ठाऊक असूनही कुरिअरवाल्याला लातूरच्या घरचा पत्ता दिला, तो मीच.

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी पीएच.डी. करत होते. नोकरी लातूरला, प्रयोगशाळा नांदेडला आणि डोक्यावर शेवटची मुदतवाढ. माणसाच्या नाकात वास ओळखणारी शेकडो प्रथिनं असतात. त्यातलं एक आम्ही प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये तयार करून घेतलं होतं. ते खरोखर झालंय, हे दाखवायला अँटिबॉडी लागते. ती जाऊन नेमकी त्याच प्रथिनाला चिकटते, तिच्यावर रंग चढवला की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. माझे मार्गदर्शक सर म्हणाले होते, "एकच नळी मिळतेय मॅडम. सोमवारी समितीला स्लाइड दिसली नाही, तर तुमचा विषय बंद."

नळी आली तेव्हा प्रयोगशाळेला सुट्टी होती आणि मी उदगीरला परीक्षेच्या ड्यूटीवर. सासूबाईंना फोन केला, "आत्याबाई, डबा आला की आतली नळी लगेच फ्रीजरमध्ये ठेवा, उकाड्यात खराब होते."

"हाव, हाव."

संध्याकाळी घरी पोचले. आत्याबाई टीव्हीसमोर पाय पसरून बसलेल्या, दोन्ही गुडघ्यांवर त्या डब्यातल्या बर्फाच्या पिशव्या ओढणीने बांधलेल्या. ओढणी माझी. आणि माझी नळी देव्हाऱ्यात, तांदळाच्या वाटीत उभी, अंगभर ओली हळद, डोक्यावर झेंडूची पाकळी, शेजारी तेवती समई. बाहेर मे महिना.

"आत्याबाई! फ्रीजरमध्ये म्हणाले होते ना?"

"ठिवणारच व्हते की! आधी देवाला दाखवू न्हाई का? येवढीशी बाटली, अन् तू उगं बोंबलून राहिली."

त्या बाटलीतला माल सशाच्या रक्तातून काढलेला असतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. आजही सांगितलेलं नाही. घरात अंडंसुद्धा चालत नाही.

दुसऱ्या दिवशी नळी बर्फाच्या थर्मासात घालून, थर्मास मांडीवर घेऊन, एसटीने नांदेड गाठलं. सरांना काही बोलले नाही. स्लाइड तयार केल्या, सूक्ष्मदर्शकात डोकावले आणि किंचाळले. जिकडेतिकडे हिरवे ठिपके! मी खुर्चीभोवती दोन गिरक्या घेतल्या.

सर आले. शांतपणे म्हणाले, "आता बिनअँटिबॉडीची दाखवा. ती काळीच दिसायला हवी."

ती लावली. तीही तशीच पेटलेली.

वासावर संशोधन करणाऱ्या आम्हा दोघांपैकी नाक एकाचंच चाललं. सरांनी माझा हातमोजा नाकाशी नेला. "मॅडम, हळद?"

हळद सूक्ष्मदर्शकाच्या निळ्या प्रकाशात स्वतःच हिरवी चमकते. नळीवरची मोज्यांना, मोज्यांवरची काचांना! मग मी देव्हाऱ्यापासून गुडघ्यांपर्यंत सगळं कबूल केलं. सर हसले नाहीत, तेव्हा मात्र मी घाबरले.

नळी स्पिरिटने तीनदा पुसली, मोजे बदलले, नव्या काचा घेतल्या. बिनअँटिबॉडीची स्लाइड लावली, तर मिट्ट काळोख. मग अँटिबॉडीची. आधी काहीच दिसेना. मग हळूहळू पेशींच्या कडेने एक बारीक हिरवी रेघ उमटली. ठिपके नाहीत. कडेलाच, जिथे असायला हवी तिथेच.

"टिकली," सर म्हणाले आणि मग इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. सोमवारी समितीने तीच रेघ पाहिली आणि विषय चालू राहिला.

मी लगेच घरी फोन लावला.

"देवाला दाखवलं व्हतं, म्हणून झालं," आत्याबाई म्हणाल्या. "बरं, दुसरा डबा कवा येऊन राहिला? डावा गुडघा अजून लई ठणकतोय."